आत फक्त एकच माणूस

अंकिताने भर दुपारी दूध संघाची सगळी गावं कॉम्प्युटरबाहेर काढून आतून कडी घातली, आणि तिच्या पाठीमागच्या बोर्डातून चेअरमन लालासाहेबांनी तिचाच प्लग उपटला. झालं ते एवढंच. पुढचं सगळं त्या प्लगाच्या भोकातून आलं.

संघ खंडाळ्याच्या बाजूचा. त्याच्या गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट सांगतं, कॉम्प्युटर माप चढवतो आणि शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. हे सगळं जाऊन साठतं ते संघाच्या ऑफिसातल्या काचेच्या खोलीत, एका डेटाबेसात. वर्षानुवर्षं नोंदी गिळून त्या डेटाबेसाचं पोट गच्च झालं होतं. जुन्या नोंदी आजच्या आज हलवल्या नाहीत तर संध्याकाळचं दूध तो घेणार नव्हता. तो घेईना म्हणजे केंद्राचा सचिव घेईना, आणि उन्हाळ्यात म्हशीचं दूध कुणासाठी थांबत नाही. मागच्या वर्षी असंच झालं तेव्हा बायकांनी भरल्या घागरी आणून संघाच्या पायऱ्यांवर मांडल्या होत्या. ऑफिसला कितीतरी दिवस आंबट वास येत होता, आणि तेव्हाचा कॉम्प्युटरवाला त्या वासाच्या आधी गेला होता.

त्याच्या जागेवर अंकिता आली, कुपवाडच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून. लालासाहेबांनी तिला सकाळीच गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, की एक घागर जरी परत गेली तर कुपवाडची गाडी कुठून सुटते ते तिला दाखवायला ते स्वतः येतील.

घर सारवायचं तर माणसं बाहेर काढावी लागतात, नाहीतर ओल्या शेणावर पावलं उमटतात. डेटाबेसाचंही तसंच. अंकिताने संघाच्या ग्रुपवर कळवलं की दुपारी देखभालीचं काम आहे, सर्वांनी बाहेर पडावं, आत एकच माणूस राहील. सचिवांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, एकाने चुकून भाच्याच्या वाढदिवसाचा केक पाठवला, आणि सगळे जेवायला गेले. मग तिने डेटाबेसाला हुकूम दिला, की आत फक्त एकच माणूस राहील. तो एक म्हणजे ती. बाकी कुणी दार वाजवलंच तर त्याला पाटी दिसेल : ‘देखभाल सुरू आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ ही पाटी तिने स्वतः लिहिली होती आणि तिला तिचा थोडा अभिमानही होता.

तेवढ्यात देखभाल म्हणजे काय असते ते बघायला लालासाहेब आत आले. त्यांच्या मोबाईलमध्ये जीव उरला नव्हता. बोर्डावर एकच भोक धड चालायचं आणि त्यात अंकिताचा लॅपटॉप होता. लॅपटॉपची बॅटरी मागच्या कॉम्प्युटरवाल्याबरोबरच निवृत्त झाली होती. लालासाहेबांनी प्लग उपटून आपला चार्जर खोचला आणि स्क्रीन काळी पडल्यावर म्हणाले, “ह्ये झालं का काम? लय लवकर झालं की.”

अंकिताने दात आवळून दुसऱ्या खोलीतून वायर ओढली, लॅपटॉप उठवला आणि परत आत शिरायला गेली. समोर पाटी आली : ‘देखभाल सुरू आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

ती क्षणभर स्वतःचंच अक्षर वाचावं तशी बघत राहिली. म्हणजे ती बाहेर पडली त्या दोन मिनिटांत दुसरंच कुणीतरी आत जाऊन बसलं होतं. आता त्याला हाकलायचं तर आधी आत जायला हवं, आणि आत तर जागा एकालाच. आपणच घातलेली कडी आपल्यालाच बाहेरून उघडेना. नशीब एवढंच, की नोंदी हलवायला अजून सुरुवात झाली नव्हती. तिने काचेच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर बघितलं. आत बसलेल्या केंद्राचं नाव होतं मोरदरे.

मोरदऱ्याचे सचिव सुभेदार तात्याबा. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण फौज त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. एकदा संध्याकाळी कॉम्प्युटर झोपी गेला आणि मोरदऱ्याचं दूध सगळ्यांत शेवटी चढलं, ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. तेव्हापासून ते कीबोर्डच्या एंटरच्या बटणावर तराजूचं दोनशे ग्रॅमचं वजन ठेवत. कॉम्प्युटरला डुलकी लागू द्यायची नाही, हा त्यांचा बंदोबस्त. बाकी सारी गावं जेवत होती तेव्हा मोरदऱ्याचं ते वजन संघाचं दार न थकता वाजवत होतं. अंकिता बाहेर पडली आणि वजन आत गेलं.

तिने फोन लावला आणि कॉम्प्युटर बंद करायची विनंती केली.

“न्हाई जमायचं, म्याडम,” तात्याबा शांतपणे म्हणाले. “तुमीच ल्हिवलंय, आत येकच मानूस ऱ्हाईल. मी बघितलं, पोस्टवर कुनीच न्हाई. रिकामी पोस्ट बघून म्होरं जायाची आपल्याकडं रीत न्हाई. घेतली ताब्यात.”

“काका, तो एक माणूस म्हणजे मी होते.”

“व्हय, पर तुमी पोस्ट सोडून गेलासा. मी काय तुमची कंप्लेंट करत न्हाई. पर आता मला रिलीफ आल्याबिगार हितनं हालता येनार न्हाई.”

रिलीफ म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाची जागा घ्यायला येणारा दुसरा शिपाई, हे लालासाहेबांनी अंकिताला समजावून सांगितलं. त्यांचे चुलते फौजेत होते. मग त्यांनी स्वतः फोन घेतला, चेअरमन म्हणून हुकूम दिला. तात्याबांनी अत्यंत आदराने सांगितलं की साहेबांचा हुकूम सिर-आँखों पर, पण फोनवरचा आवाज साहेबांचाच आहे हे पोस्टवरच्या माणसाने कसं मानावं.

अंकिताने मोठं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दार उघडलं तसं तिने बटण दाबलं, पण ती माणूस होती आणि तिकडे दोनशे ग्रॅम लोखंड होतं. लोखंड आधी पोचलं. मोरदऱ्याचं इंटरनेट ज्या सिमकार्डावर चालायचं त्या कंपनीला तिने फोन लावला, तर तिकडून नुसतं गाणं वाजत राहिलं.

शेवटी लालासाहेबांनी सूत्रं हाती घेतली. गावाची लाइटच घालवली की कॉम्प्युटर कुठं जातोय, असं म्हणत त्यांनी अंकिताच्याच फोनवरून ओळखीच्या वायरमनला मोरदऱ्याची लाइन पाडायला सांगितली. वायरमनने ती इमानाने पाडली. त्याबरोबर ऑफिसातले पंखे थांबले, कारण संघाची आणि मोरदऱ्याची लाइन एकच होती. काचेच्या खोलीला बॅटऱ्या होत्या म्हणून डेटाबेस तेवढा जागा राहिला. मोरदऱ्यात मात्र काहीच झालं नाही. तिथे छपरावर सौर पॅनेल होतं, संघानेच बसवलेलं, आणि त्याच्या खांबावर फीत कापणाऱ्या लालासाहेबांचा हसरा फोटो होता.

चार्जरला लावलेला मोबाईल उचलून लालासाहेब त्याच्याकडे बघत राहिले. वायर नीट बसलीच नव्हती, त्यामुळे वायरमनला फोन करण्याइतकाही जीव त्याच्यात आला नव्हता. अंकिताने त्यांची वाट पाहिली नाही. दूध यायला फार वेळ राहिला नव्हता. तिने लॅपटॉप पिशवीत टाकला, जाता जाता वायरमनला आपल्या फोनवरून लाइन सोडायला सांगितली आणि स्कूटरला किक मारली. लालासाहेबही चार्जर बोर्डातच विसरून जीपमधून तिच्या मागे निघाले.

मोरदऱ्याच्या केंद्राच्या दारात तात्याबांच्या पत्नी हरणाबाई रिकामी कळशी घेऊन बसल्या होत्या. धार काढायची वेळ झाली होती, आणि त्यांची म्हैस सुभेदारांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. “दोपारपासनं आत बसल्याती,” त्या म्हणाल्या. “जेवान बी खिडकीतनं दिलं. बाई, तुमी तर त्यास्नी बाहीर काढा, न्हाईतर म्हस मला जित्ती सोडायची न्हाई.”

आत तात्याबा ताठ बसले होते. वजन एंटरवर बसलं होतं. अंकिताने हात जोडून सांगितलं की ती रिलीफ म्हणून आली आहे. तात्याबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, मग त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली आणि समाधान गेलं. चपला घालून पहारा बदलत नाहीत. शेवटी हरणाबाईंनी घरातून सुभेदारांचे जुने कॅनव्हासचे बूट आणले. अंकिताच्या एकेका बुटात आणखी एक अंकिता मावली असती, पण तिने नाड्या आवळल्या, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधली आणि सावधान उभी राहिली. कॉलेजात तिला कुणी हे शिकवलं नव्हतं.

“चार्जमें क्या-क्या है, पूछो,” तात्याबा हळूच म्हणाले.

तिने विचारलं. एक कॉम्प्युटर, एक फॅटचं मशीन, एक वजन आणि टेबलाखाली झोपलेलं एक मांजर, असा चार्ज तिला रीतसर मिळाला. तात्याबांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि स्वतःच्या हाताने वजन उचलून कॉम्प्युटर बंद केला. त्या क्षणी अंकिताने तिथल्या बोर्डाला जोडून ठेवलेल्या आपल्या लॅपटॉपवर बटण दाबलं. पाटी आली नाही. ती आत होती.

ती कामाला बसली. तात्याबा म्हशीकडे जातील असं हरणाबाईंना वाटलं होतं, पण त्यांनी दार ओढून घेतलं आणि काठी घेऊन बाहेर उभे राहिले. पोस्टवरच्या माणसाला कुणी त्रास देता कामा नये. तेवढ्यात लालासाहेबांची जीप आली.

“थांबा, साहेब. आत येकच मानूस.”

“आवं, मी चेअरमन हाय.”

“म्हनून तर ‘थांबा’ म्हनलो. दुसरा असता तर ‘थांब’ म्हनलो असतो.”

लालासाहेबांनी आधी रागावून बघितलं, मग समजावून. त्यांना फक्त मोबाईल आत लावायचा होता, कुणाचा तरी चार्जर मागून. तात्याबांनी विचारलं की दुपारी ऑफिसात प्लग कुणी काढला होता. लालासाहेब आपल्याच हसऱ्या फोटोखाली सावलीला जाऊन बसले. हळूहळू बायामाणसं घागरी घेऊन जमू लागली. प्रत्येक जण त्यांना नमस्कार करून विचारायचा की केंद्र का बंद आहे, आणि प्रत्येकाला ते म्हणायचे, देखभाल चालू हाय.

आत अंकिताच्या कपाळावरून घाम गळत होता. जुन्या नोंदी सावकाश हलत होत्या, खिडकीतून घागरी दिसत होत्या आणि मनात कुपवाडची गाडी फिरत होती. शेवटची नोंद हलली तेव्हा तिने कडी काढली. गावं एकेक करून आत येताना स्क्रीनवर दिसू लागली आणि तिला रडूच आलं. एकही घागर परत गेली नव्हती. तिने मोरदऱ्याचा कॉम्प्युटर चालू केला, फॅटचं मशीन लावलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि दार उघडलं.

तात्याबा दारात आडवे होते. “रिलीफ?”

“काका, काम झालं. सगळी गावं आत आली.”

“काम झालं. पर पोस्ट हायच की. ही मान्सं उभी हायती, माप कोन घ्येनार? मी दोपारभर ड्युटी केली, लगेच दुसरी घेता येत न्हाई. आनि म्हस वाट बघतीया.” हरणाबाईंनी जोरात मान हलवली.

अंकिताने बुटांकडे बघितलं. मग तिची नजर फोटोखाली बसलेल्या माणसाकडे गेली.

“साहेब,” ती फार गोड आवाजात म्हणाली, “आता तुम्हाला आत यायला हरकत नाही.”

लालासाहेब इतका वेळ ज्यासाठी झुरत होते ते ऐकून लगबगीने उठले. त्यांच्या पायात बूट होते, डोक्यावर टोपी होती, सुभेदारांना काही खोट काढता आली नाही. एक कॉम्प्युटर, एक मशीन, एक वजन आणि एक मांजर त्यांच्या ताब्यात गेलं. लोकांसमोर सॅल्यूट मिळाला म्हणून ते खूशही झाले. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी विचारलं, “आन मला कोन सोडवनार?”

“हेडऑफिसला फोन करा, साहेब. त्ये रिलीफ धाडतील,” तात्याबा म्हणाले आणि कळशी घेऊन गोठ्याकडे गेले. लालासाहेबांनी मोबाईल बाहेर काढला, त्याच्या काळ्या स्क्रीनकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. तोवर पहिली घागर टेबलावर आली होती आणि एक म्हातारी त्यांना बजावत होती, की कालच्यासारखी फॅट कमी दाखवू नका, आम्ही बघतोय.

अंकिता ऑफिसात परतली तेव्हा लाइट आली होती. बोर्डात लालासाहेबांचा चार्जर तसाच होता, वायरीचं टोक लोंबत होतं. तिने तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, आपला प्लग लावला आणि दुपारचा डबा उघडला. पहिला घास घेतला तोच ऑफिसचा फोन वाजला. लालासाहेबांच्या घरून वहिनीसाहेब बोलत होत्या. साहेबांचा फोन लागत नाही, ते आहेत तरी कुठे?

अंकिताने घास गिळला. “वहिनी, देखभाल सुरू आहे,” ती म्हणाली. “थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.”