लिलीच्या गुडघ्याची समिती

सांधा दुखेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही आणि दुखू लागला की सारं गाव विचारतं. गिरीज गावच्या सॅन्टनची पांढरी घोडी लिली लंगडू लागली, तेव्हा आठवड्याभरात तिच्या गुडघ्याला सतरा सल्ले मिळाले (पैकी नऊ माणसांच्या गुडघ्यासाठी होते). सॅन्टनचा जीव मात्र टांगणीला लागला. लेक फेलिशियाच्या लग्नात चर्चपासून घरापर्यंत लिली पुढे आणि आपण लेकीसोबत चालू, असा शब्द त्याने लेकीला तिच्या लहानपणीच दिला होता.

जनावरांच्या डॉक्टर उन्नती यांनी पाय तपासला. "काका, बांधून ठेवू नका. रोज वीस मिनिटं मऊ जमिनीवर चालवा, हळूहळू वाढवा. वजन उतरलं पाहिजे."

एवढं सोपं काम एकट्याने करणं बरं दिसेना, म्हणून सॅन्टनसह पाच जणांची समिती झाली. अध्यक्ष केनी. मऊ जमीन म्हणजे भुईगावच्या किनाऱ्यावरची वाळू, असा ठराव झाला. वाटेतल्या डांबराने सांधा दुखू नये म्हणून लिलीला टेम्पोतून न्यावं, हाही झाला. दोरी धरून कुणीतरी सोबत चालायचं असतं, हे किनाऱ्यावर पोचल्यावर ध्यानात आलं. पाचही सदस्यांचे गुडघे दुखत होते (अनुभव ही सदस्यत्वाची अटच होती). लिलीने समुद्र पाहिला, समितीने भजी खाल्ली. वहीत नोंद झाली : 'व्यायाम सात किलोमीटर (टेम्पोचे धरून).'

महिन्याभरात लंगडणं वाढलं. समितीने टेम्पोत गादी घालायचं ठरवलं.

"दोरी द्या इकडे," सॅन्टनची बायको क्लारा म्हणाली. घरामागच्या केळीच्या वाडीत मऊ मातीची पायवाट होती, चाळीस पावलांवर. तिथे ती लिलीला रोज चालवू लागली. तीन महिन्यांत लंगडणं जवळपास थांबलं. समितीने गादीच्या निवडीबद्दल केनीचा सत्कार केला.

लग्नाच्या दिवशी लिली सगळ्यांपुढे ताठ चालली, दोरी क्लाराच्या हातात. सॅन्टनलाही त्याच्या गुडघ्यासाठी त्याच्या डॉक्टरांनी कितीतरी महिने आधी, जूनमध्येच, लिलीचाच उपचार शब्दशः लिहून दिला होता. कागद त्याने जपून ठेवला होता. सॅन्टन वरातीमागे टेम्पोतून आला, गादीवर बसून, डोळे पुसत. फेलिशियाने दोनदा मागे वळून पाहिलं.

वाचकांनीही आपापल्या डॉक्टरांचा कागद काढून त्यावरची तारीख पाहावी. तो कपाटात असेल तर उठावं लागेल. कुणाला आणायला सांगितलंत, तर समितीत सहावी जागा रिकामी आहे.