मिसबाई आणि आमची पडवी

मिसबाई आमच्या घरून निघाल्या की त्यांच्यामागे लगेच पडवी सारवली जायची, आणि हा आपला मान आहे असं त्यांना वाटायचं. सणाला घरं सारवतात हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आपण जातो त्या घरी त्या दिवशी सणच असतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. विलायतेच्या मिशनला धाडायच्या पत्रातही तसंच लिहिलं आणि आम्हाला कौतुकाने वाचून दाखवलं. आम्ही माना खाली घालून ऐकलं.

खरी गोष्ट अशी, की आत्याबाईंना, म्हणजे मामंजींच्या विधवा बहिणीला, विटाळ खपत नसे. ठाण्याच्या त्या घरात मी तेव्हा नवी सून. माझे यजमान कचेरीत कारकून. बायकोला वाचता यावं ही त्यांची फार हौस, म्हणून मिशनच्या मिसबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. पडवीच्या आत यायचं नाही ही मामंजींची अट, आणि धर्माचं बोलायचं नाही ही आत्याबाईंची. मिसबाई धर्माचं बोलत नसत. गोष्टी सांगत.

बाई उंच, कृश, पस्तिशीच्या. भर उन्हात काळे बूट घालून खाडीच्या वाटेने चालत येत. काहीही बिनसलं की म्हणत, "ही प्रभूची योजना." छत्री मोडली, प्रभूची योजना. म्हशीने चिखलात ढकललं, तीही त्याचीच योजना. त्यावर आत्याबाई आतून म्हणाल्या, "म्हशीचीही काही योजना असेल की."

आत्याबाई दाराआड वाती वळत बसत आणि ऐकत नसल्याचं दाखवत. एकदा मिसबाईंनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक चुकलं, तर धनी नव्याण्णव रानात ठेवून त्याला शोधायला गेला. दाराआडून आवाज आला, "आणि नव्याण्णवांना लांडग्याने नेलं म्हणजे? असला धनगर आमच्याकडे दोन दिवस टिकायचा नाही."

मिसबाई विचारात पडल्या. "मी यावर चिंतन करीन," म्हणाल्या. पुढच्या खेपेला आल्या त्या उत्तर घेऊनच. "आत्याबाई, त्या नव्याण्णवांना निदान एकमेकांची सोबत होती. त्या एकाला कोणी नव्हतं." आत्याबाईंच्या वाती मात्र त्या दिवशी जाडजूड झाल्या.

मग हे नेमाचंच झालं. मिसबाईंनी गोष्ट सांगायची, आत्याबाईंनी तिची हाडं मोजायची, आणि मिसबाईंनी घरी जाऊन उत्तर शोधायचं. माझं वाचन मधल्या वेळात.

एकदा विसरलेली छत्री न्यायला मिसबाई वाटेतून परत आल्या. आत्याबाई शेणात हात घालून पडवीत ओणव्या. आता सगळं उघडं पडणार म्हणून मी दाराआड सरकले. पण मिसबाईंचा चेहरा खुलला. बूट काढून त्या शेजारी बसल्या, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "मलाही शिकवा." जिच्या विटाळासाठी सारवायचं तीच सारवायला बसली. यावर शास्त्रात काय सांगितलंय ते आत्याबाईंनाही ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, "तसं नाही हो. मनगट फिरवा." त्या दिवशी पडवी दोनदा सारवली.

तीन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी मिसबाई छापील कागद घेऊन आल्या. वरिष्ठांनी विचारलं होतं, आजवर किती जण विश्वासात आले, म्हणजे किरिस्ताव झाले, त्यांची नावं लिहा. कोणीच नसेल तर पुढच्या बोटीने परत या.

"ही प्रभूची..." म्हणाल्या आणि पुढचं बोलल्याच नाहीत. मला रडूच आलं. माझं पुस्तक अजून निम्मं राहिलं होतं.

आत्याबाई वाती टाकून उंबऱ्यावर आल्या. "आठ दिवसांपुरतं माझं नाव घाला. मग मी प्रायश्चित्त घेईन."

मिसबाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "खोटं लिहिता येत नाही, आत्याबाई."

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा कागद गेला होता. "काय लिहिलंत?" मी विचारलं.

"एक."

"माझं तर नाही ना घातलंत?" आत्याबाई दचकल्या.

"नाही, माझं." मिसबाई शांतपणे सांगू लागल्या. "इथे माझा भाऊ यायचा होता. निघण्याआधी तो तापाने गेला. घरात आम्ही दोघंच होतो. त्या रिकाम्या घरात मला बसवेना, म्हणून त्याच्या जागी मी आले. देव आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं. प्रार्थना नुसती तोंडाने म्हणत होते. पण तुम्ही विचारायच्या आणि मला उत्तर द्यावं लागायचं. शोधता शोधता खरं वाटायला लागलं." जरा थांबून म्हणाल्या, "या माणसाला विश्वासात कोणी आणलं, असाही एक रकाना होता. तिथे तुमचं नाव लिहिलंय."

आत्याबाई खांबाला टेकून खाली बसल्या. जन्मभर सोवळ्यात काढलेली बाई, आणि सातासमुद्रापार कुठल्याशा दप्तरात त्यांच्या नावावर एक किरिस्ताव जमा. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. त्या मिसबाईंकडे वळल्या.

"मग वरिष्ठांनी बोलावलं तरी परत कशाला जाता?" म्हणाल्या. "घरात कोण आहे तिथे? त्यांनी पोसलं नाही तर चार घरच्या सुनांना शिकवा. राहा इथेच."

वरिष्ठांचं उत्तर काय आलं ते मिसबाईंनी कधी वाचून दाखवलं नाही. त्या राहिल्या.