काळ्या सोंगट्यांचे मुंजाजी

तीर्थपुरीच्या शाळेवर बदली होऊन आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मला बुद्धिबळाचं आमंत्रण आलं. समोरच्या गृहस्थांनी न विचारताच पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे सरकवल्या. मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून परत जागेवर ठेवलं.

"राजाचं," ते म्हणाले.

"का? नियम आहे का तसा?"

"वजिराचं प्यादं आधी काढणारा माणूस घरात बायकोशी बी सरळ बोलत नसतो. राजाचं चाला, मास्तर."

माझं लग्न नुकतंच झालं होतं. मी राजाचं प्यादं चाललो आणि तासाभरात हरलो.

हे मुंजाजी सलोतरी. सलोतरी म्हणजे जनावरांचा डॉक्टर. निजाम सरकारने त्यांना एक पत्र्याची खोली, एक बहिरा पट्टेवाला आणि चाळीस गावांची गुरं दिली होती. हैदराबादेत शिकताना सरकारी तबेल्यातल्या कुणा म्हाताऱ्याकडून ते विलायती पद्धतीचं बुद्धिबळ शिकून आले होते. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं उडी घेता येते. आमच्या भागात तोवर प्यादी एकेक घर, बैलगाडीच्या चालीने जात. गावाला या सुधारणेचं मोठं कौतुक वाटलं. फक्त ती गावात आणणारा माणूस स्वतः पहिल्या चालीत कधी दोन घरं गेला नाही. समोरच्याने राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की मुंजाजी आपलं राजाचं प्यादं एकच घर सरकवायचे.

"अहो, दोन घरांचा हक्क आहे ना?" मी विचारायचो.

"हक्क दोनाचा हाये. गरज एकाची हाये."

मग पुढच्या चालीला वजिराचं प्यादं मधे आणून ते धडक द्यायचे. सगळा किल्ला पक्का व्हायचा, पण त्यात त्यांचा स्वतःचाच एक उंट प्याद्यांच्या मागे कोंडून पडायचा. अर्धा डाव संपला तरी तो जागचा हलत नसे. गुरांच्या डॉक्टरचा उंट गोठ्यात अडकलाय, म्हणून लोक हसायचे. मुंजाजी शांतपणे म्हणायचे, "बांधलेलं जनावर मरत न्हाई. सुटं मरतं."

हा बचाव त्यांनी मुळात एकाच माणसासाठी घोटला होता. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ गणपतराव. पंचवीस एकरांचे शेतकरी, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. विलायती नियम मुंजाजींनीच त्यांना शिकवले होते. थोरला म्हणून पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या. दर बाजारच्या दिवशी दुपारी दवाखान्यापुढच्या लिंबाखाली दोघे भाऊ पट मांडायचे. यात विशेष काही नाही. विशेष हे, की दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

म्हणजे अबोला कडक, आणि डाव मात्र चुकवायचा नाही. मधे कुणीतरी हवं होतं. सरकारने मला मुलांना शिकवायला पाठवलं होतं. गावाने माझी नेमणूक दुभाष्या म्हणून केली. दोघांच्या मधे हातभर अंतर, आणि त्या हातभर अंतरातून मी निरोप पोचवायचा.

"मास्तर, त्यायला सांगा, शह हाये."

"गणपतराव, शह आहे."

"ऐकू आलं मला. त्याला म्हणावं, असं दार लावूनच बसायचं असंल तर खेळायला कशाला येतो?"

"मुंजाजी, ते म्हणतात..."

"त्यायला सांगा, दार लावलेल्या घरात चोर येत न्हाई."

एकदा मला हिवताप भरला. मी दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होतो. दुपारी दारात पाहतो तर दोघे भाऊ उभे. एकाच्या हातात पट, दुसऱ्याच्या हातात सोंगट्यांची पिशवी. "तुम्ही पडून राहा, मास्तर," मुंजाजी म्हणाले, "फकस्त सांगत जा." बायकोने त्यांना चहा दिला. मी तापात काय सांगितलं ते आठवत नाही, पण त्या दिवशी दोघांचाही समज झाला की आपणच जिंकलो. ती बरोबरी तशीच राहिली.

भांडण कशावरून झालं, हे गावात कुणी विचारलं की सात उत्तरं मिळत. कुणी म्हणे मोटेची पाळी, कुणी म्हणे बांध, कुणी एका लग्नातलं लुगडं. मी एकदा मुंजाजींनाच विचारलं. ते म्हणाले, "चाल कुणाची हाये, तेवढं बघा."

मग एका बाजाराला गणपतराव आले नाहीत. मुंजाजींनी दोन्ही बाजूंच्या सोंगट्या मांडल्या आणि वाट पाहत बसले. एक शेतकरी रेडा दाखवायला आला, त्याला त्यांनी थांबवून ठेवलं. थोड्या वेळाने गणपतरावांची सून धापा टाकत आली. मामंजींना अर्धांग झालं, उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

मुंजाजी माझ्याकडे वळले. "मास्तर, त्यायला सांगा..." एवढं म्हणाले आणि थांबले. आत गेले, एक मोठी काळी बाटली घेऊन आले आणि चालू लागले. मी मागोमाग.

अकरा वर्षांनी ते भावाच्या घरात शिरले. हकीमसाहेब बाजेशी बसून नाडी पाहत होते.

"नाडी तुम्ही बघा, हकीमसाब," मुंजाजी धोतर खोचत म्हणाले, "पायाचं मी बघून राह्यलो."

बाटली उघडताच घरभर तबेल्याचा वास सुटला. वहिनींनी नाकाला पदर लावला. "भावजी, हे घोड्याचं तेल हाये ना?"

"हाव. सरकारला घोड्याचा पाय तुमच्या मालकाच्या पायाहून महाग हाये, वहिनी. घोड्याला लावत्यात ते यायला बिलकुल चालंल."

त्या दिवसापासून रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते तिथे जायचे आणि तासभर पाय चोळायचे. पट मात्र नेला नाही. गावात चर्चा झाली, की सलोतरी भावाला आता नाल ठोकणार. मुंजाजींनी ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तेल थोडं जास्त घेतलं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी गणपतरावांना बघायला गेलो. मुंजाजी बाजेच्या पायथ्याशी बसून पोटरीला तेल लावत होते. न विचारताच, खाली बघत बोलू लागले.

"ढवळ्या नावाचा गोऱ्हा व्हता आमचा. माय मेली त्याची. फडक्याचा बोळा दुधात भिजवून पाजला म्या त्याला. मंग मोठा बैल झाला. अकरा वर्सं झाली, गुरांची साथ आल्ती. मी घनसावंगीकडं दौऱ्यावर, लोकायचे बैल वाचवत व्हतो. इकडून दोनदा निरोप आल्ता, ढवळ्या पडला म्हणून. म्हणलं, उद्या जाऊ. चौथ्या दिवशी आलो तं खुंटा रिकामा."

हात थांबला. पुन्हा चालू झाला.

"बाकीच्या गुरायला लागण होऊ नये म्हणून यानं त्याला रानात नेलं. तडफडीतून सोडवलं. एकट्यानं खड्डा खांदला, चुना टाकून पुरला. सरकारी कायदा हाये तसा. मीच सांगतो लोकायला. बराबर केलं यानं. मी असतो तं हेच केलं असतं." मग हळू म्हणाले, "पर निरोप दोनदा आल्ता, मास्तर."

कुणाला काय सांगायचं, हे प्रथमच मला कुणी सांगितलं नव्हतं.

गणपतरावांनी डावा हात उचलला. तो मुंजाजींच्या उघड्या डोक्यावर येऊन बसला. गणपतरावांच्या घशातून काहीतरी आवाज आला. शब्द नव्हता.

मुंजाजींनी वर पाहिलं नाही.

"हलू नको, दादा," ते म्हणाले. "तेल सांडंल."