सुभेदारमामांची पांढरी गोळी

कुणी घरी आलं की लोक पान-सुपारी पुढं करतात. आमचे शेजारी सुभेदारमामा गोळी पुढं करत. खमिसाच्या खिशात ॲस्पिरिनच्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी कायम असे. माणसाच्या कपाळाकडं रोखून बघत ते म्हणत, "डोकं दुखतंय न्हवं? घ्या. लय हलकी हाय."

नाही म्हणायची सोय नव्हती. "दुखत न्हाई? मग दुखंल," असं म्हणून ते गोळी हातात कोंबत.

मामा कडेगावकडचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर फौजेतून पेन्शन घेऊन सांगलीत आमच्या शेजारी राहायला आले. सोबत बायको, हिरामावशी. मूलबाळ नव्हतं. एकदा पाटणला लग्नाला जाताना एसटीत कंडक्टर आणि एका पैलवानाची जुंपली. मामांनी उठून दोघांच्या हातावर एकेक गोळी ठेवली. त्यांनी ती खाल्ली का, ठाऊक नाही, पण भांडण तिथंच थांबलं. नवरदेवालाही बोहल्यावर चढण्याआधी त्यांनी एक दिली. "फुडं लागंल," म्हणाले.

हिरामावशींना संधिवात होता. बोटं सुजून वाकडी झाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी हार्मोनची गोळी सुरू केली, तिला ते स्टेरॉइड म्हणत. तिनं बराच फरक पडला. तरी सकाळी हात आखडायचे. मामांना ते बघवायचं नाही. चहाच्या आधी, उपाशीपोटी, ते आपल्या खिशातली पांढरी गोळीही मावशींना द्यायला लागले. थंडी पडल्यावर दोन-दोन.

एका दुपारी मावशी मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. अंग गार, तोंड पांढरंफटक. मी धावत गेले, तेव्हा म्हणाल्या, "दोन दिस झालं, परसाकडं डांबरावानी काळं व्हतंय." मी रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना मिरजेला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरची आणखी कुठली गोळी घेत होत्या?"

"न्हाई," मामा म्हणाले. "बाहेरची न्हाई. माझ्याच खिशातली."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुडी मागून बघितली आणि समजावून सांगितलं, की स्टेरॉइड आणि ॲस्पिरिन एकत्र पोटात गेल्या की आत जखम होऊन रक्त वाहू शकतं. तसंच झालं होतं.

"मग ती हार्मोनची बंद करतो," मामा म्हणाले.

"मुळीच नाही. ती आपल्या मनानं एकदम तोडली तर जिवावर बेतेल. कमी करायची असली तर मी सांगेन तशी. आणि दुखण्यावर साधी दुकानातली गोळी जरी द्यायची झाली, तरी आधी मला विचारायचं."

मावशींना रक्त चढवलं. त्या जरा सावरल्यावर मी विचारलं, पोटात दुखत असणार, मग बोलला का नाहीत?

"आग पडायची गं," त्या म्हणाल्या. "पर ह्ये एवढ्या मायेनं द्यायचं. नगं कसं म्हनायचं?"

पलंगाच्या पायाशी मामा उभे होते. त्यांनी ऐकलं. ते बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले.

मावशी बऱ्या होऊन घरी आल्या. मामा मात्र आता कुणाला गोळी देईनात. गल्लीतली माणसं आपणहून डोकं दुखतंय म्हणून त्यांच्याकडं जायची, तर म्हणायचे, "डाक्टरला इचारा."

एका सकाळी फुलं तोडायला मी अंगणात गेले. शेजारी मावशी पायरीवर बसल्या होत्या आणि मागं मामा त्यांची वेणी घालत होते. मावशींना फणी धरवत नव्हती. मामांचे तीन पेड काही केल्या जुळत नव्हते. सुटायचे, ते पुन्हा विंचरायचे.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. आज लय."

 फणी खाली ठेवून मामा मावशींच्या शेजारी येऊन बसले. त्यांची दोन्ही हातांची वाकडी बोटं आपल्या तळहातांत घेतली आणि धरून ठेवली. मावशींनी डोळे मिटले. वेणी तशीच अर्धी राहिली.