जितें मूल मेलें म्हणून सांगितलें, त्याची हकीकत

श्री सटवाई माता लेंकरांचे कपाळीं लिहिते, तिचे पायीं मस्तक ठेवून आणि तिच्याच भयानें हें लिहिलें जातें. गोड लिहावें ऐसी दरबारची आज्ञा होती, ती पाळवली नाहीं. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ते वर्षीं एके दौलतीचे धनी हैबतराव, बहुत शूर, बहुत नामांकित, परंतु पोटीं संतान नाहीं. त्यांच्या खाशा बाई सगुणाबाईसाहेब यांनीं नवस केले आणि उपास केले, परंतु कूस उजवली नाहीं, मग दत्तक घ्यावा ऐसी मसलत जाहली. त्या समयीं धन्यांचे भाऊबंदांपैकीं निंबाजी म्हणून शिलेदार मोहिमेंत पडला होता, आणि त्याची बायको ठकूबाई पोटुशी राहिली होती. सासरीं माणूस उरलें नाहीं, माहेरीं एक भाऊ, तो आपलींच पोरें पोसतां टेकीस आलेला. सगुणाबाईसाहेबांनीं तिला आपणांपाशीं आणविली, आपले पंक्तीस बसविली, आणि मग एके दिवशीं ठकूबाई आपण होऊन बोलिली, "जाऊबाई, मुलगा जाहला तर तुमचे पदरीं घालीन. माझ्यापाशीं त्याला काय आहे? फक्त एक करा. मला त्याला पोटभर पाहूं द्या, मग मी माझ्या हातांनीं देईन." बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्याच हातून घेईन ग." येथवर सर्व नीट होतें.

परंतु कारभारी विसोपंत, राजकारणीं बहुत निष्णात, त्यांस चैन पडेना. ते धन्यांस एकांतीं म्हणाले, "बाईमाणसाचें मन, महाराज. आज देतें म्हणते, उद्यां मुलाचें तोंड पाहिलें कीं पान्हा फुटेल आणि छातीशीं धरून बसेल. तिला फिरण्यास वावच ठेवूं नये." धनी म्हणाले, "तिनें शब्द दिला आहे." पंत म्हणाले, "दिला आहे म्हणूनच भय. मोडावयास कांहीं उरूं नये, ऐसें करितों." मग धन्यांनीं मान खालीं घातली, आणि "घरांत कळूं देऊं नका" इतकेंच बोलून उठोन गेले. तोफांपुढें घोडा घालणारे हे पुरुष, यांची छाती इतकीच!

मग बाळंतपणाचा समय जवळ आला, तों पंतांनीं सगुणाबाईसाहेबांस कुळस्वामिणीचे दर्शनास डोंगरीं पाठविलें, आणि सुईणीस दरडाविलें, आणि ठकूबाईचे डोळ्यांपुढें पडदा धरविला, आणि दाराबाहेर चौघडा बडविला, कीं मुलाचें रडणें आईचे कानीं पडूं नये. शत्रूचे किल्ल्यास वेढा घालावा तैसी तजवीज, आणि कोणावर? कळा देणाऱ्या एका विधवेवर! पुत्र जाहला, धडधाकट जाहला, तो मागील दारानें नेला आणि आईस सांगितलें कीं मृत उपजला. ती म्हणाली, "दाखवा मला." पंत बाहेरूनच बोलिले, "पुरला." आणि ओली बाळंतीण डोलींत घालून भावाचे गांवीं पोंचती केली.

मग बाईसाहेब परत आल्या आणि पंतांनीं मूल त्यांचे मांडीवर ठेविलें. बाईसाहेबांस आनंद मावेना, त्यांनीं त्याची दृष्ट काढिली, आणि मग पुसिलें, "ठकू कोठें?" पंत म्हणाले, "बाईनें राजीखुषीनें दिलें आणि हंसत माहेरीं गेली." बाईसाहेबांनीं वर पाहिलें. "हंसत? पोटचा गोळा देऊन हंसत गेली? पंत, तुम्हांस बाळंतीण ठाऊक नाहीं. मी तिची ओटी भरून येतें." पंतांनीं मुहूर्त सांगितला, वाट वाईट सांगितली, पालखी मोडली म्हणून सांगितलें. तेव्हां बाईसाहेब मूल पदराआड घेऊन पायींच वेशीबाहेर निघाल्या, आणि भोयी आपण होऊन पालखी घेऊन मागें धांवले.

भावाचे अंगणांत ठकूबाई बसली होती, छातीस फडकें आवळून बांधलेलें. पालखींत मूल रडलें आणि तिचें फडकें भिजलें. ती उठोन म्हणाली, "जाऊबाई, कोणाचें हो लेंकरूं? भुकेलें आहे तें." बाईसाहेब मूल घेऊन खालीं उतरल्या आणि म्हणाल्या, "तुझें." "माझें मेलें." "मेलें नाहीं, ठकू. हेंच तें. मला ठाऊक नव्हतें ग, कुळस्वामिणीची आण." ठकूबाईनें मूल घेतलें, दुपट्यांतून त्याचीं बोटें काढून पाहिलीं, कान पाहिला, आणि पदराखालीं घेतलें, आणि पाजतां पाजतां ऐसा हंबरडा फोडिला कीं शेजारणी धांवून आल्या. बहुत वेळानें शांत जाहली आणि बोलिली, "मी देणार होतें. आण घातली असती तरी दिलें असतें, न घालतां तर दिलेंच होतें. पण तुमच्या घरानें त्याला उपजतांच पुरलें, जाऊबाई. त्या घरांत कसा पाठवूं? तुमच्यावर राग नाहीं. पण देत नाहीं." बाईसाहेबांनीं डोळे पुसले. "नको देऊं," म्हणाल्या, आणि तिची ओटी भरली, आणि मुलाचे पायास तोंड लाविलें, आणि रित्या मांडीनें परत फिरल्या.

मग थेट भरल्या दरबारीं आल्या, पडदा बाजूस सारून उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "पंत, ती फिरेल म्हणून तुम्हीं चौघडा वाजविलात. ती फिरली नव्हती. तिचें मूल जितें आहे. मेलें तें माझें, आणि तें तुम्हीं मारलेंत." सर्व सभा खालीं पाहूं लागली. हैबतराव तर अधिकच. आणि कारभाऱ्यांस शासन काय? कांहीं नाहीं! हेतु दौलतीचे हिताचा होता म्हणून वर शालजोडी मिळाली. धिक्कार असो त्या शालजोडीस.

बाईसाहेबांनीं मात्र आपले अधिकारीं एक चाल पाडिली कीं दौलतींत कोणीं मूल द्यावें घ्यावें तर आई हिंडूंफिरूं लागल्यावर, तिनें मूल पाजिल्यावर, घेणाराचें माणूस जवळ नसतां तिला पुसावें, आणि नाहीं म्हणाली तर साडीचोळी करून मुलासह घरीं पोंचवावी. पंत हंसले, म्हणाले, "मग एकही मूल हातीं लागणार नाहीं." पुढें कित्येक आयांनीं नाहीं म्हटलें आणि मुलें घेऊन गेल्या, कित्येकींनीं दिलीं, आणि जीं दिलीं तीं मागावयास कोणी आली नाहीं.

तात्पर्य इतकेंच. दरबारीं अद्याप बोलतात कीं ठकूबाई शब्दास फिरली. तें खोटें आहे, म्हणून हें लिहून ठेविलें. हैबतरावांमागें दौलत दूरचे भावकींत गेली. ठकूबाईचा पुत्र मामाचे शेतांत राबून मोठा जाहला. संक्रांतीस तिळगूळ घेऊन सगुणाबाईसाहेबांकडे जाई आणि त्यांस थोरली आई म्हणे. तें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.