काकवीचा दुसरा कॅन

सावळारामांनी पिशवीतला कॅन काढला, झाकण उघडलं. आत काकवी होती. दाट, गोड, अगदी निष्पाप काकवी.

"रतन, आबासाहेबांना कंचा कॅन दिलास?"

"वरचा. का वं?"

का ते बायकोला सांगायची सोय नव्हती. लेकीच्या, छकुलीच्या साखरपुड्याआधी दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून कळसची ही मंडळी आणि वरकुट्याचे व्याही आबासाहेब सहकुटुंब कर्नाटकच्या हद्दीवरचं एक छोटं गाव बघून आजच परतले होते. किल्ला झाला, तोफेवर बसून फोटो झाले, धबधब्याखाली सगळे भिजले. भाकरीबरोबर काकवीचा एक कॅन संपला, दुसरा व्याह्यांना द्यायला राखून ठेवला.

पण तिथली द्राक्षाची वाइन सावळारामांना दुकानातूनच खुणावू लागली. घ्यावी कशी? शेजारी आबासाहेब! प्यायलेल्याला भरल्या पंगतीतून उठवणारा माणूस. थोरल्या मुलाची सोयरीक त्यांनी मुलीच्या बापाच्या तोंडाच्या नुसत्या वासावरून मोडली होती. म्हणून सावळारामांनी रिकामा कॅन धबधब्यावर विसळला, बाटली गुपचूप त्यात ओतली आणि स्वतःच्या हुशारीवर वाटभर खूश राहिले.

आता तीच हुशारी वरकुट्याला पोचली होती. काकवीचा कॅन घेऊन त्यांनी मोटारसायकल पिटाळली. छकुलीनं साखरपुड्याची साडी कितीदा अंगाला लावून बघितली होती, ते आठवून त्यांना रडू येत होतं.

आबासाहेब गोठ्यापाशी बाजेवर एकटेच बसले होते. हातात वाटी, शेजारी कॅन.

"या. तुमची काकवी आत्ताच उघडली."

"आबा, त्यो कॅन आंबलाय वो! उन्हात ऱ्हायला. ह्यो ताजा घ्या, त्यो मी वाटंत वतून टाकतो."

आबासाहेबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"आंबलाय खरा."

सावळारामांनी कॅन उचलायला हात पुढे केला.

"सावळारामराव, पोरगी आमच्या घरात द्यायची हाय न्हवं?"

"व्हय."

"मग येवढा परकेपणा कशापायी? ताजा कॅन आत बायकांकडं द्या. ह्यो हितंच गोठ्यात ऱ्हाऊ द्या."

आबासाहेबांनी घराकडे एकदा नजर टाकली आणि व्याह्यांच्या कानाशी लागले.

"आन् साखरपुड्याला येताना आनखी येक आंबवून आना."