मोतीरामचं नाव रेडिओवर

जतीनने बापाचा जुना रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि तोही नेमका फर्माइशीच्या दिवशी, हे कळलं तेव्हा मोतीरामला घासच गिळवेना. आदल्या दुपारीच निवेदिकाबाईंनी सांगितलं होतं, "उद्या चिखले गावच्या श्रोत्यांचीही फर्माइश घेऊ." चिखल्यातून कार्डं टाकणारा माणूस एकच. जतीनच्या लग्नाआधीपासून तो ती टाकत होता आणि आजवर एकदाही त्याचं नाव लागलं नव्हतं.

"बाबा, त्याच्यात नुसती खरखर होती," जतीनने नवा स्पीकर पुढे केला. "हा ऐका. पेन ड्राइव्हवर हजार गाणी भरलीत. आवाज बघा कसला क्लिअर!"

मोतीरामने ऐकलं. आवाज खरोखरच स्वच्छ होता. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"हा माझं नाव घेल?"

"पेन ड्राइव्ह कसा नाव घेल, बाबा?"

"मंग तूच ऐकत बस!"

मोतीराम जेवणावरून उठला, पायात चपला सरकवल्या आणि मोबाईलही न घेता रस्त्याला लागला. डहाणूच्या एका ओळखीच्या सलूनमध्ये मीडियम वेव्हचा रेडिओ होता. पण रिक्षा वाटेत नरपडला पंक्चर झाली आणि स्टेपनीतही हवा नव्हती. तो पोचला तेव्हा कार्यक्रम संपून बातम्या लागल्या होत्या. पोराचं तोंड बघायचं नाही असं ठरवून तो दिवस कलेपर्यंत बंदरावर बसून राहिला आणि मग भूक लागली म्हणून घरी निघाला.

अंगणात ही गर्दी! पायरीशी चपलांचा ढीग आणि आतून रडारड. मोतीरामला आधी घरचीच माणसं आठवली. बायको पुतळी? की नातींपैकी कोणी? सगळ्यात मागे उधवा गावचा जिव्या पाठमोरा उभा होता. दोघांची मैत्री सुक्या मासळीच्या बाजारात जुळली आणि रेडिओपायी टिकली होती.

"कोन गेला रं?" मोतीरामने मागूनच विचारलं.

"आपला मोतीराम," जिव्या डोळे पुसत म्हणाला.

मोतीराम मटकन खाली बसला. बिचारा चांगला माणूस होता, असं क्षणभर त्यालाही वाटून गेलं.

"कवा?"

"दुपारी. रेडिओवर सांगितलं ना." एवढं बोलून जिव्याने मान वळवली आणि अशी काही किंकाळी फोडली की आतली रडारड एकदम थांबली.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. कोणी मागे पळालं, कोणी पुढे. जतीनने धावत येऊन बापाचे पायच धरले. "बाबा, मी रेडिओ परत आणतो! तुम्ही रागात गेलात, मला वाटलं मीच तुम्हाला..."

"पन मी मेलो हे सांगितलं कोनी?" मोतीराम ओरडला.

"मी माझ्या कानांनी ऐकलं!" जिव्या लांबूनच म्हणाला. "बाई बोलली, 'चिखल्याचे मोतीराम', मंग खर्रर्र झालं, आनि मंग सरळ 'श्रद्धांजली'! इतकी वर्सं तू कार्डं टाकली, त्यांना कळलं नसंल का? मी लगेच जतीनला फोन केला."

पुतळीने पदराने तोंड पुसलं, नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि आत हाक मारली, "श्रद्धा! अंजली! या गं भायेर, आजा जिता हाय!"

दोन्ही नाती दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कार्डावर सगळ्या घराची नावं होती," सून हेमाली हळूच म्हणाली. "शेवटी पोरींची."

सगळ्यांच्या नजरा जिव्याकडे वळल्या. तो उधव्याहून टेम्पोभर माणसं घेऊन आला होता. पण मोतीरामचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजे माझं नाव लागलं? पयलं?"

"पयलंच."

"आनि गानं? गानं कसं वाजलं?"

जिव्याने मान खाली घातली. "श्रद्धांजली म्हटल्यावर गानं कोन ऐकंल? रेडिओ बंद केला आनि हात जोडले."

चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या बारकीनेही कार्यक्रम लावला होता. तिनेही तेच केलं होतं. आपण मेलो हे ऐकूनही मोतीराम इतका हादरला नव्हता. एवढ्या वर्षांनी गाणं लागलं आणि ऐकायला कुणीच नाही!

"मी ऐकलं."

कुंपणापाशी हिरू उभा होता. बोंबील वाळवायच्या जागेवरून भांडण झाल्यापासून शेजारी असूनही तो मोतीरामशी बोलत नव्हता.

"तू गेलास तं तुझं गानं तरी कोनी ऐकाय नको?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पुरं ऐकलं."

मोतीराम चपला बाजूला सारून पायरीवर बसला. त्याने सरकून शेजारी जागा केली.

"ये. म्हनून दाखव."

हिरूने पायरीवर बसून घसा खाकरला आणि सगळ्या गर्दीसमोर गायला सुरुवात केली. त्याचा आवाज फाटका होता, सूर एकीकडे आणि शब्द दुसरीकडे चालले होते, आणि पहिलं कडवं तर तो दोनदा म्हणाला. जतीनला राहवेना. तो बापाच्या कानाशी वाकला.

"बाबा, किती बेसूर..."

"गप!" मोतीराम डोळे मिटूनच म्हणाला. "प्रोग्राम चालू हाय."